पंधरा टक्क्यांच्या आत

सोमवारी सकाळी पावणेनऊला मशीनने तिला लबाड ठरवलं. प्रिंटरमधून नेहमीसारखा कागद आला. कागदावर तीन आकडे होते, एकशे एकोणीस, चौऱ्याऐंशी, एकशे एक. त्यांच्याखाली सरासरीपासूनचा फरक, सतरा टक्के. आणि सगळ्यात खाली चौकटीत, जाड अक्षरांत, प्रयत्न अप्रामाणिक. ती अजून खुर्चीतच होती. छातीवर पट्टा, मांडीवर पट्टा, उजव्या नडगीला गादी बांधलेली. तिने हात लांब करून कागद ओढला, वाचला, चष्मा कपाळावर चढवून परत वाचला आणि तिला आधी हसूच आलं. अगं बाई, मी? मग हसू आपोआप विरलं, कारण खोलीत दुसरं कुणी नव्हतं आणि एकटीने किती हसणार. तिने पाय ढकलला होता. तिन्ही वेळा, दात खाऊन, खुर्चीच्या दांड्या धरून, जीव लावून ढकलला होता. दुसऱ्या खेपेला मध्येच पायातून काहीतरी निघून गेलं. दुखलं नाही, नुसतं निघून गेलं, आणि तिसऱ्या खेपेला अर्धवट परत आलं. हे सगळं तिला माहीत होतं. कागदाला माहीत नव्हतं.

अकरा वर्षं ही खोली तिची होती. तिसऱ्या मजल्यावरची, एका खिडकीची, निळ्या रबरी फरशीची खोली. कामावर पडलेली, चेंगरलेली, घसरलेली माणसं इथे यायची आणि परत कामावर जायच्या लायकीची आहेत की नाहीत हे ह्या खुर्चीत ठरायचं. रीत साधी होती. माणसाला बसवायचं, बांधायचं, पाय ढिला सोडायला लावून आधी नुसत्या पायाचं वजन मशीनला घेऊ द्यायचं आणि मग सांगायचं, ढकला, पूर्ण जोर लावा, तीनदा. जो मनापासून ढकलतो त्याचे तिन्ही आकडे जवळजवळ येतात. जो सोंग करतो त्याला आपण गेल्या खेपेला किती सोंग केलं होतं हे आठवत नाही, म्हणून त्याचे आकडे विखुरतात. पंधरा टक्क्यांच्या आत फरक असेल तर माणूस खरा, वर असेल तर खोटा. ही अक्कल मशीन बनवणाऱ्यांची होती आणि तिने ती पहिल्या दिवशीच उचलली होती, कारण तिच्या मनात आधीपासून जे होतं त्याला ह्या अकलेने आकडा दिला होता. माणसं सोंगाडी असतात हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. पट्टा आवळायच्या आधीच कण्हणारी माणसं तिने पाहिली होती. बायकोला बरोबर आणून तिच्याकडे बघत बघत विव्हळणारी पाहिली होती. आकडा मनासारखा आला नाही की सगळ्यांचं एकच म्हणणं असायचं, मशीन बिघडलंय. नाचता येईना अंगण वाकडं. ती कुणाला उलट बोलत नसे. कागद हातात द्यायची आणि पुढच्याला हाक मारायची.

साहेबांबद्दल तर बोलायलाच नको. साहेब डॉक्टर होते, ह्या जागेचे मालक होते आणि त्यांना आकड्यांतलं इतकंच कळायचं की वाढलेला आकडा चांगला. मशीनच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, की नवख्या माणसाला आधी एक दिवस नुसता सरावाला बोलवा, कारण पहिल्या खेपेला कुणालाच ढकलायचं कसं ते उमगत नाही आणि दुसऱ्या खेपेला आकडा वाढतोच. पाय तगडा होत नाही, माणूस खुर्चीला सरावतो. साहेबांनी तो सरावाचा दिवस पहिल्याच वर्षी उडवला. मग तीन आठवड्यांनी वाढलेला आकडा त्यांच्या उपचारांच्या नावावर जमा होऊ लागला आणि जिन्यात एक फलक लागला, तीन आठवड्यांत अठरा टक्के सुधारणा. रोज सकाळी वर येताना ती तो फलक वाचायची आणि तिला बरं वाटायचं. मूर्ख माणसाच्या हाताखाली काम करण्यात एक सुख असतं, आपण मूर्ख नाही हे रोज नव्याने कळतं. घरी नवरा होता. त्याच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ होतं आणि रात्री जेवण झालं की दहा हजार भरायला कमी पडलेली पावलं तो सोफ्यावर बसून हात हलवून भरायचा. अहो, पाय कुठे हलतायत, असं ती एकदा म्हणाली होती. तर म्हणाला, घड्याळाला कुठे कळतंय.

पण सोमवारची सकाळ तिची स्वतःची होती. मशीन बरोबर आहे की नाही हे तपासायला लोखंडी चकत्या मिळाल्या होत्या, मशीनच्या दांड्याला टांगायच्या, आणि कोष्टकातला आकडा पडद्यावर आला की मशीन ठीक. चकत्यांची पेटी दोन माणसांशिवाय हलत नव्हती. तेव्हा दुसऱ्या की तिसऱ्या महिन्यात तिने पेटी मागच्या अडगळीत ढकलून दिली आणि सोपी वाट काढली. दर सोमवारी लोक यायच्या आधी ती स्वतःच खुर्चीत बसायची. खुर्चीची पाठ चौथ्या खाचेत, नडगीची गादी सहाव्यात, तीनदा ढकलायचं. तिचा आकडा एकशे वीसच्या आसपास यायचा, कधी अठरा, कधी एकवीस, फरक दोन टक्के, तीन टक्के. तो तपासणीच्या वहीत लिहायचा. मशीन बरोबर आहे, कारण माझा पाय बरोबर आला. आणि माझा पाय बरोबर आहे, कारण मशीनने तसं सांगितलं. अकरा वर्षं हे एकमेकांना धरून चाललं होतं आणि ह्यात काही वावगं आहे असं तिला, जिला सगळ्यांचं वावगं दिसायचं, एकदाही वाटलं नव्हतं. उलट तिला ह्या पायाचा अभिमान होता. चाळिशी गेली, पन्नाशी गेली, वहीत एकशे वीस. शेजारच्या खोल्यांतल्या पोरी उसासे टाकत जिने चढायच्या आणि ती त्यांच्या पुढे असायची.

आता मात्र मशीन बिघडलेलं असायला हवं होतं. ती पट्टे सोडून उठली, उठताना पाय ठीक होता, अगदी ठीक, आणि ह्या ठीक असण्याचाच तिला राग आला. अडगळीत जुन्या फायलींचे गठ्ठे बाजूला करून तिने पेटी ओढायला घेतली. ओढता येईना. मग एकेक चकती छातीशी धरून खोलीत आणली, चार खेपा केल्या, ब्लाउजवर गंजाचे डाग पडले. दांडा आडवा करून जागच्या जागी पक्का केला, पहिली चकती टांगली. कोष्टकात बघितलं, पडद्यावर बघितलं. दुसरी टांगली. तिसरी. चौथी. चारही आकडे दशांशापर्यंत बरोबर आले. मशीन अकरा वर्षांत केसभरही हललं नव्हतं. तिने चकत्या काढल्या, परत टांगल्या, उलट्या क्रमाने काढल्या. मशीन निर्विकार होतं. बरोबर असलेल्या वस्तूचा इतका तिरस्कार तिला कधी वाटला नव्हता.

शाळेत असताना पीटीच्या सरांचं घड्याळ बंद पडलेलं तिने पाहिलं होतं. बारा वर्षांची असेल. धावण्याच्या शर्यतीत ती आणि इस्त्रीच्या कपड्यांतली एक मुलगी, दोघी रेघेवर एकदम पोचल्या. सरांनी अंगठा दाबला, वहीत लिहिलं, त्या मुलीला पंधरा, हिला सोळा. ती धापा टाकत सरांच्या शेजारी गेली आणि तिने घड्याळात डोकावलं. काटा वरच्या आकड्यावर ठोंब्यासारखा उभा होता. निघालाच नव्हता. सरांनी चेहरे बघून सेकंद लिहिले होते. सर, काटा, असं ती म्हणाली. तर सर म्हणाले, आम्हाला डोळे आहेत, बाळ. त्या दिवसापासून तिला माणसाच्या डोळ्यांची किळस बसली ती बसली. मोठेपणी ह्या खोलीत मशीन आलं तेव्हा तिला वाटलं, आता कुणाचा इस्त्रीचा कपडा मध्ये येणार नाही. म्हणून ती कामाच्या वेळी माणसांकडे बघायचीच नाही. माणूस खुर्चीत बसला की ती पडद्याकडे वळायची, पडद्यावर हिरवी रेघ चढायची आणि उतरायची, आणि रेघेला ना बायको होती, ना पोरं, ना विव्हळणं. हा तिचा न्याय होता. ह्या न्यायावर ती अकरा वर्षं रात्री शांत झोपली होती.

साडेनऊला साहेब डोकावले. हातात कॉफीचा कप, गळ्यात ते नळकांडं, जे ते दिवसभरात एकदाही वापरत नसत.

"बाई, अकराला बंबवाला आहे ना? शेवटची खेप त्याची. आज निकाल लावून टाका, त्यांच्या ऑफिसचे फोन येतायत."

"मशीन तपासतेय," ती म्हणाली.

"का, काय झालं?"

"काही नाही. सोमवार आहे."

"मग झालं. वही भरलीत ना?"

"भरते."

ते गेले. तिने वही उघडली. आजची तारीख टाकली आणि पुढे गेल्या सोमवारचे आकडे उतरवले, एकशे वीस, एकशे एकोणीस, एकशे एकवीस. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं. हात जराही हलला नाही याचं तिला नवल वाटलं. तो सतरा टक्क्यांचा कागद तिने चार घड्या करून पर्समध्ये टाकला. इतरांच्या खोट्याला काहीतरी कारण तरी असतं, पोट असतं, नोकरी असते. आपण हे कशासाठी लिहिलं, असं तिने स्वतःला विचारलं आणि उत्तर आलं ते इतकं क्षुद्र होतं की तिने ते पुरतं ऐकून घेतलं नाही. साहेबांनी विचारू नये म्हणून. बस.

बंबवाला महिन्यापूर्वी पहिल्यांदा आला होता. आगीच्या बंबावरचा माणूस, शिडीवर चढणारा, शिडीवरूनच पडला होता, मार उजव्या गुडघ्याला. नियम असा होता, की पाय खरोखर कमजोर निघाला तर त्याला शिडीवरून उतरवून खाली नियंत्रण कक्षात फोनवर बसवणार, पगार तोच. पण दुसऱ्या तपासणीतही प्रयत्न अप्रामाणिक निघाला तर तो कामचुकार, त्याला काढून टाकणार. त्याचे आकडे आले होते एकशे बेचाळीस, शहाण्णव, एकशे एकवीस. फरक एकोणीस टक्के. रेघ तिला आजही डोळ्यांसमोर दिसत होती, पहिली उंच, दुसरी मध्येच खचलेली, तिसरी अर्धवट. बाई, मध्येच पाय हातातून सुटतो, असं काहीसं तो म्हणत होता. हातातून पाय कसा सुटेल, असं तिच्या मनात आलं होतं आणि तिला त्या बोलण्याची गंमत वाटली होती. त्याच्याबरोबर त्याचा थोरला भाऊ होता, तोही बंबावरूनच निवृत्त झालेला, बाहेरच्या बाकावर ताठ बसलेला. तिने कागद दिला तो भावानेच घेतला. वाचला, घडी घातली, धाकट्याच्या खिशात सरकवली आणि काही न बोलता जिना उतरून गेला. धाकटा मागून लंगडत गेला. त्याच्यासाठी कुणी थांबलं नाही. तिने हे दारातून पाहिलं होतं आणि तिला आवडलं होतं. घराण्यात एक तरी खरा माणूस आहे, असं तिला वाटलं होतं. आता ती त्या दुपारचा त्याचा चेहरा आठवू लागली. ढकलताना चेहरा कसा होता, दात आवळले होते का, मानेची शीर उभी होती का. काही आठवेना. रेघ तेवढी आठवत होती.

आणि मग, तिने दार लावलेलं असतानाही, आई आत आली. आईचा विषय ती शक्यतो मनात येऊ देत नसे. शेवटच्या वर्षी आई तिच्याकडे होती आणि दिवसातून दोनदा हातातून काहीतरी पाडायची, ग्लास, चमचा, औषधाची बाटली. म्हातारपणाचं नाटक, नवरा म्हणाला नाही, तीच म्हणाली. आईची सवय तिला लहानपणापासून माहीत होती, घरात पाहुणे वाढले की आईचं डोकं दुखायचं. मग एके दिवशी तिने ह्या खोलीतला हाताची पकड मोजायचा काटा घरी नेला. आईच्या हातात दिला, म्हणाली, दाब, पूर्ण जोर लाव. आईने दाबलं. अकरा. परत दाब. सहा. परत. नऊ. तिने मनातल्या मनात टक्केवारी काढली, तिला कागदाची गरज नव्हती, आणि म्हणाली, "आई, नीट दाब. सोंग करू नकोस माझ्यापुढे." आईने काट्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि काटा मांडीवर ठेवला. "तुझ्या ह्याला काय कळतंय गं. मला ग्लास धरवत नाही, एवढंच मी म्हणतेय." त्यानंतर पाच आठवडे आई होती. त्या पाच आठवड्यांत तिने पुन्हा काही पाडलं नाही, कारण तिने पुन्हा काही उचललंच नाही. पाणी हवं असलं की ती कुणी जवळ येईपर्यंत वाट बघायची. आपली मुलगी शहाणी आहे असं ती शेजारणीला सांगायची, मशीनवर काम करते. सकाळी पायातून निघून गेलं ते काय होतं हे तिला आता नेमकं कळलं, आणि त्याला शब्द नव्हता तरी ते खरं होतं. आईने सांगितलं होतं. बंबवाल्याने सांगितलं होतं. अकरा वर्षांत आणखी किती जणांनी सांगितलं असेल, कागदांचा गठ्ठा अडगळीत होता, मघाशी चकत्यांसाठी तिने तोच बाजूला सारला होता. लाज वाटायला हवी होती. लाजेच्या जागी तिला स्वतःचा तोच जुना, ओळखीचा तिटकारा आला, जो इतकी वर्षं ती उदारपणे बाहेरच्यांना वाटत आली होती.

बंबवाला अकराला पाच कमी असताना आला. महिन्याभरात वाळला होता. चप्पल दाराशी काढली, नमस्कार केला नाही, सरळ खुर्चीत जाऊन बसला. तिने पट्टे बांधले. पाठ सहाव्या खाचेत, गादी आठव्यात, मागच्या कागदाप्रमाणे. पाय ढिला सोडा, म्हणाली. पायाचं वजन घेतलं. आणि मग अकरा वर्षांत पहिल्यांदा ती पडद्याकडे पाठ करून, माणसाकडे तोंड करून उभी राहिली.

"ढकला. पूर्ण जोर."

त्याने ढकललं. परत ढकललं. परत. तिने बघितलं. हातांनी दांड्या नुसत्या धरल्या होत्या, आवळल्या नव्हत्या. मानेची शीर जागची हलली नाही. तो दाराशी आला तेव्हा श्वास होता तसाच. तो समोरच्या भिंतीकडे बघत मनात काहीतरी मोजत होता, तिसऱ्या खेपेला त्याचे ओठही हलले. मशीनपुढे कधी न बसलेल्या माणसालाही कळलं असतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला. प्रिंटर कुरकुरला. एक्क्याऐंशी, त्र्याऐंशी, ऐंशी. फरक दोन टक्के. प्रयत्न प्रामाणिक.

तिने पट्टे सोडले नाहीत. कागद हातात धरून ती तशीच उभी राहिली.

"काय आलं?" त्याने विचारलं.

"प्रामाणिक."

"मग सोडा मला."

"तुम्ही अर्धंच ढकललंत."

तो म्हणाला, "मशीनला तसं वाटत नाही ना? मग तुम्ही कशाला मध्ये पडता?"

"कुणी शिकवलं?"

"आमच्यात सगळ्यांना ठाऊक आहे. अर्धं ढकल, तिन्ही वेळा सारखं. मलाच ठाऊक नव्हतं. मी आपला येडा, गेल्या खेपेला जीव तोडून ढकललं."

"हो," ती म्हणाली. "गेल्या खेपेला तुम्ही खरं ढकललं होतं."

आता त्याने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हे आज कसं कळलं तुम्हाला?"

तिने सांगितलं. सकाळचं सांगितलं, तीन खेपा, दुसरीला पायातून निघून गेलेलं, सतरा टक्के. चकत्यांचंही सांगितलं, की मशीन चोख आहे. ती आपण होऊन कुणाला इतकं सलग बोलल्याला किती वर्षं झाली होती, पण बोलून बरं वाटेल असं जे तिला वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही.

"म्हणजे तुमचा पाय गेला तेव्हा माझा खरा झाला," बंबवाला म्हणाला.

खाली वाकून तिने त्याच्या मांडीवरचा पट्टा सोडला.

"मग तो मागचा कागद खोडा."

"खोडला तर कारण लिहावं लागेल. खरा जोर लावूनही फरक येतो, असं. मग आजच्या दोन टक्क्यांनाही काही अर्थ उरत नाही. साहेब परत बोलावतील."

"आणि तेव्हा मी खरं ढकललं तर?"

"तर परत अप्रामाणिक येईल."

तो हसला. तोंडाने नाही, नाकातून. पाय खाली ठेवून त्याने गुडघा दोन्ही हातांनी दाबला आणि उठला. "नोकरीचं झालं म्हणायचं. आजच्या कागदावर बसवतील मला फोनवर. पण बाई, माझा थोरला भाऊ महिनाभर माझ्याशी बोललेला नाही. एका घरात राहतो आम्ही. तो म्हणतो, लंगडा चालेल, कामचुकार नाही. आज ओढून आणलंय त्याला, खाली बसलाय. हा कागद दाखवला तर तो माझं तोंड बघेल आणि त्याला कळेल मी काय करून आलोय. आयुष्यभर माणसं आगीत पाठवलीत त्याने, तोंडं बघून. तुम्ही मला इथे दार लावून खरा म्हणताय. खाली येऊन म्हणाल?"

नाही म्हणायला तिच्याकडे शंभर कारणं होती. साडेअकराचा माणूस बाहेर आला असेल. जागा सोडायची नाही असा नियम होता. आणि तिला मनातून तो थोरला भाऊ नको होता, तो ताठ बाकावरचा माणूस, ज्याच्यावर महिन्यापूर्वी ती खूश झाली होती. पण ती निघाली. जिन्यात बंबवाला कठडा धरून एकेक पायरी उतरत होता आणि मागे ती उतरत होती, तीही कठडा धरून. अठरा टक्क्यांच्या फलकापाशी दोघं क्षणभर थांबली, कारण त्याला श्वास घ्यायचा होता. दोघांनीही फलक वाचला नाही.

थोरला खालच्या दाराजवळ खुर्चीत बसला होता. पांढरे केस बारीक कापलेले, हात गुडघ्यांवर. उठला नाही. धाकटा जरा अंतरावर उभा राहिला, बोलवायची वाट बघत असल्यासारखा.

"ह्यांचा मागचा कागद चुकीचा होता," ती म्हणाली. "ह्यांनी त्या दिवशी पूर्ण जोर लावला होता."

थोरल्याने तिला पायांपासून वर पाहिलं. ब्लाउजवरच्या गंजाच्या डागांवर नजर थांबली, मग चेहऱ्यावर आली. तिच्याकडे असं कुणी बघायचं नाही.

"तुम्ही होता तेव्हा तिथे?"

"मीच टेस्ट घेतली."

"मग तुम्ही पाहिलंत त्याला जोर लावताना."

ह्या एका 'हो'वर सगळं मिटणार होतं. सकाळी वहीत तिने ह्याहून मोठं खोटं लिहिलं होतं आणि हात हलला नव्हता. धाकटा तिच्याकडे बघत होता, अकरा वर्षांत कुणी तिच्याकडे इतक्या आशेने बघितलं नसेल. पण हा म्हातारा तोंड बघत होता, आणि तिच्या तोंडावर काय आहे हे तिला स्वतःला माहीत नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "मी पडद्याकडे बघत होते."

"त्याच्याकडे पाहिलंच नाही?"

"नाही."

"तो काही म्हणत होता का तेव्हा?"

"म्हणत होते. मध्येच पाय सुटतो, असं."

"मग?"

"मी ऐकलं नाही."

थोरला खुर्चीचा हात धरून उठला आणि तिच्याकडे आणखी एकदा पाहिलं, एखाद्या ठिकाणी काही शिल्लक नाही हे कळल्यावर बघतात तसं. "ह्या बाईच्या कागदावर मी माझ्या भावाला महिनाभर टाकून दिलं," तो म्हणाला. तिला नाही, कुणालाच नाही. आवाज चढला नव्हता. तो धाकट्याजवळ गेला, त्याच्या उजव्या बाजूला उभा राहिला, कमजोर पायाच्या बाजूला, आणि खांदा पुढे केला.

"चल," म्हणाला.

धाकट्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. नंतर त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलंही नाही, पाहायचं कारणही नव्हतं. दोघं दारातून बाहेर पडले, रस्त्याच्या कडेने सावकाश चालत गेले, थोरला पावलं आखडती घेत होता. कोपऱ्यावर वळेपर्यंत ती बघत राहिली. बघायला आता तिला जमत होतं. प्रामाणिकचा कागद तिच्याच हातात राहिला होता, त्याच्यावर सही बाकी होती, शिक्का बाकी होता. तिने कठडा धरला आणि पहिल्या पायरीवर उजवा पाय ठेवला. वर तीन मजले होते आणि साडेअकराचा माणूस आला होता.